दोन नोंदी आढळल्या

१

वनजाचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. यंत्राने विचारायचं आणि तिने हो किंवा नाही म्हणायचं. शाळा, दवाखाने, गॅसवाले, लहानसहान पतपेढ्या, सगळ्यांकडे माणसांच्या नोंदी साठलेल्या असतात आणि त्यात एकच माणूस दोनदा-चारदा घुसलेला असतो. एकीकडे गौरम्मा, दुसरीकडे के. गौरम्मा, तिसरीकडे गौरम्मा केंपय्या. बाई एकच. अशा नोंदी हुडकून एक करायच्या, हा म्हैसूरच्या त्या छोट्या कंपनीचा धंदा. हुडकायचं काम पूर्वी माणसं करायची, आता एआय करत होतं. ऑफिसात त्याला सगळे शानभोग म्हणत. आपल्याकडे गावचा कुलकर्णी, तसा तिकडे शानभोग. गावाचं दप्तर त्याच्या हातात, म्हणून गावाची मानगूटही त्याच्याच हातात.

या शानभोगाचे हात मात्र बांधलेले होते. पाहायला त्याला सगळं मोकळं होतं. पण नोंद बदलायची, जोडायची, खोडायची हत्यारं कुलपात होती आणि त्या कुलपाची किल्ली वनजाच्या पर्समध्ये असायची. किल्ली म्हणजे बोटाच्या पेराएवढी पट्टी. सकाळी यंत्रात खोचायची, संध्याकाळी काढून घरी न्यायची. तिच्यावर एक पितळी ठिपका होता. हो म्हणायचं असेल तर त्याला बोट टेकवायचं. बोट टेकलं नाही तर शानभोग मुकाट पुढच्या प्रश्नाकडे वळायचा.

ऑफिसचे मालक नंजुंडस्वामी. तालुका कचेरीत हयात घालवून मग या धंद्यात पडलेले, तोंडात विडा आणि जिभेवर म्हणी. ते म्हणायचे, "दप्तर वाचायला कुणालाही द्यावं. लेखणी देताना मात्र हात थरथरला पाहिजे." वनजाचा थरथरायचा. म्हणून तर किल्ली तिच्याकडे होती. डोळे मिटून बोटं टेकवणारी ती नव्हती, प्रत्येक प्रश्न ती पुटपुटत वाचायची.

आणि अधूनमधून, दिवाळी-दसरा आठवावा तसा, शानभोगाला एक प्रश्न आठवायचा. "सिंचना, स्पंदना. जन्मतारीख एक, आईवडील एक, पत्ता एक, शाळा एक, रक्तगट एक. दोन नोंदी आढळल्या. एक करावी?"

पहिल्यांदा ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचा श्रीकंठ, जो ऑफिसची यंत्रं सांभाळायचा, उठून बघायला आला. तिच्याच जुळ्या मुली होत्या त्या. आठ वर्षांच्या. सिंचनाच्या तोंडाला खीळ नाही, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. स्पंदना घुमी, हनुवटीवर टाक्यांची खूण, आणि खोबरं ताटात दिसलं तरी नाक मुरडणार. घरी सांगितलं तेव्हा नवराही हसला. चामराज अगरबत्तीच्या कारखान्यात देखरेखीला होता, गमत्या माणूस. म्हणाला, कर म्हणावं एक, सकाळी एकीचीच वेणी घालावी लागेल तुला. त्यावर सासूबाई, सीतालक्ष्मम्मा, त्याला म्हणाल्या की वास्तू तथास्तु म्हणत असते, जीभ आवर.

वनजा दर वेळी नाही म्हणायची. पण तो पुन्हा विचारायचा. राग नाही, लोभ नाही, कंटाळा नाही. दारावर येऊन उभ्या राहणाऱ्याला रोज नाही म्हणावं आणि त्याने रोज बरं म्हणून जावं, तसं ते होतं. हल्ली हल्ली तिला त्याचं हसू येईनासं झालं होतं.

२

ऑफिस होतं पहिल्या मजल्यावर, खाली कॉफी दळायची चक्की. दिवसभर जमीन बारीक थरथरायची आणि कपड्यांना घरी गेल्यावरही कॉफीचा वास यायचा. नवमीला, आयुधपूजेला, चक्कीसुद्धा बंद. चक्कीला शेवंतीचा हार, नंजुंडस्वामींच्या स्कूटरला हार, आणि वरच्या खोलीत प्रत्येक यंत्राला गंधाची तीन बोटं. श्रीकंठाने स्टेपलरलासुद्धा कुंकू लावलं. उंबऱ्यावर कोहळा फोडून झाला.

पूजेत मांडलेलं हत्यार दशमीची पूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही, हा तिकडचा रिवाज. सुतार करवत हलवत नाही, शिंपी कात्री हलवत नाही. वनजाने पर्समधून किल्ली काढली आणि विचारलं, सर, हिचं काय करू? नंजुंडस्वामी म्हणाले की अगं, हेच तर आपलं खरं आयुध, हिला वगळून पूजा कुणाची करायची? तिच्या जागेवर बसव आणि आधी तिला गंध लाव.

तिला क्षणभर बरं वाटलं नाही. पण सणाच्या दिवशी वडीलधाऱ्या माणसाशी हुज्जत कोण घालणार? श्रीकंठही म्हणाला की राहू दे गं अक्का, सुटीत तिथे बोट टेकवायला आहे कोण? तिने किल्ली खोचली, ठिपक्यावर ओलं गंध लावलं, कुंकू लावलं, आणि पाणी शिंपडलेला शेवंतीचा गजरा तिच्यावरून घेऊन यंत्राच्या पत्र्यावर सोडला. हात जोडले. मुलींचं भलं कर एवढंच मागितलं, दुसरं काही मागायची तिला सवयच नव्हती.

सगळे निघाले. चक्की बंद असल्यामुळे जिना इतका शांत होता की आपल्याच चपलांचा आवाज तिला परका वाटला. दाराला कुलूप लावताना आत यंत्राचा पंखा जोरात फिरायला लागला. खूप काम पडलं की तो तसा फिरायचा. उकाडा आहे, म्हणून असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बाहेर ढगाळ होतं आणि गार वारा सुटला होता.

३

घरी बाहुल्या मांडल्या होत्या. नवरात्रात म्हैसूरला घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या लागतात आणि गल्लीतली पोरं बाहुल्या बघायला म्हणून खाऊ गोळा करत हिंडतात. दोघी मुली हिंडून आल्या, हातपाय धुऊन पाटावर बसल्या. सीतालक्ष्मम्मांनी दुधाचा एक पेला आणून सिंचनापुढे ठेवला आणि पदराला हात पुसत देवापाशी जाऊन बसल्या.

वनजा म्हणाली, अम्मा, दुसरा? त्या म्हणाल्या, कसला दुसरा? मग त्यांची नजर पाटावर गेली, आणि त्या उठल्या, अगबाई, म्हातारपण दुसरं काय, म्हणत दुसरा पेला घेऊन आल्या. यात काही नव्हतं. सत्तरी उलटलेली बाई, दिवसभराचा सोहळा. वनजानेही ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दशमी. हत्तींची मिरवणूक बघायला चामराज मुलींना घेऊन गेला आणि येताना कागदाचं भिरभिरं घेऊन आला. एक. आठ वर्षांत या माणसाने घरात कुठलीही गोष्ट एक आणली नव्हती. एक आणली की महाभारत होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वनजाने विचारलं तर तो तिच्याकडे बघतच राहिला. कपाळावर हात मारून घ्यायला त्याला जरा वेळच लागला, आणि मारला तोही परक्याच्या घरी चुकल्यासारखा.

पण तिची नजर अडकली ती दुसऱ्याच गोष्टीवर. भिरभिरं सिंचनाच्या हातात होतं. ती अंगणात पळत होती. स्पंदना पायरीवर बसली होती, रडत नव्हती, रुसलीही नव्हती. तिच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती, त्या मुठीत काडी असावी तशी, आणि सिंचना जिकडे वळेल तिकडे ती मूठ हळूहळू वळत होती.

रात्री दोघी आतल्या खोलीत झोपल्या. वनजा बाहेर शेंगा सोलत होती. दार उघडं होतं, आतून श्वास ऐकू येत होता, एकच. तिने कान दिला. एकच. जुळ्यांच्या आईचा कान असतो हो, पाळण्यात दोन श्वास मोजत मोजत तयार झालेला. तो चुकत नाही. ती उठून दारात गेली. चटईवर दोघी होत्या. डोळे दोन सांगत होते, कान एक सांगत होते. तिने डोळ्यांवर विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता.

४

दशमीनंतर ऑफिस उघडलं तेव्हा गजरा सुकून पत्र्याला चिकटला होता. नंजुंडस्वामींनी आरती केली, प्रसाद वाटला आणि म्हणाले, हं, चला, शानभोगाला उठवा.

शानभोग झोपलाच नव्हता. पडद्यावर प्रश्नांमागून प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर होतं, हो. परवानगी देणारी, वनजा. श्रीकंठ बघत राहिला, मग किल्लीकडे वाकला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशीचं ओलं गंध, ओला गजरा, खाली पत्रा. ठिपक्याला ओल लागून राहिली होती आणि किल्लीने ती ओल माणसाचं बोट समजली होती. सुटी सुरू झाल्यापासून वनजाचं बोट त्या ठिपक्यावर जणू टेकलेलंच होतं.

श्रीकंठाने किल्ली ओढून काढली. गंधाचा खपला खाली पडला. एव्हाना वनजा खुर्चीत बसून शोधत होती. सिंचना सापडली. जन्मतारीख, पत्ता, शाळा, रक्तगट, सगळं जागच्या जागी. खाली एक ओळ होती, की दुसऱ्या नोंदीतली माहिती या नोंदीत सामावून घेतली आहे. स्पंदना हे नाव टाकून शोधलं तर काहीच आलं नाही. पोकळ पडदा. सगळ्या जिल्ह्यातली जुळी अशीच गेली होती, पण तिला त्या घडीला जिल्ह्याचं काही पडलं नव्हतं.

श्रीकंठ म्हणाला, अक्का घाबरू नकोस, आपण रोज सगळ्याची एक नक्कल काढून वेगळी ठेवतो, ती परत चढवली की झालं. तो आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तो भिंत धरून.

"नक्कल नाहीये," तो म्हणाला. "त्याने बघितलं असणार की हेच सगळं तिकडेही आहे. तेच नाव, तीच तारीख. एकाच्या दोन नोंदी. त्याने नक्कल आणि अस्सल एक केलंय."

नंजुंडस्वामींनी विडा थुंकला आणि खुर्चीत बसले. खाली चक्की सुरू झाली होती, टेबलावरचे प्रसादाचे द्रोण थरथरत होते. ते म्हणाले की आपल्याकडे जोडायचं हत्यार आहे, तोडायचं नाही. जोडलेलं तोडावं लागेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग वनजाचा चेहरा बघून त्यांचा आवाज मऊ झाला.

"अगं, कागद आहे हा. कागदावरचं गेलं तर हाताने पुन्हा लिहू. पोर घरी सुखरूप आहे ना तुझी?"

"पोरी," वनजा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हो, तेच," म्हणाले, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

५

रिक्षात ती स्वतःला समजावत होती. शाळेचं दप्तर इथूनच जातं, दवाखान्याचं इथूनच जातं. त्यामुळे शाळेत एकच नाव निघेल, दवाखान्यात एकच निघेल, हे बरोबर आहे, यात भुताटकी नाही. पण दुधाचा पेला? सासूबाईंच्या स्वयंपाकघराचं दप्तर कुठल्या यंत्रात आहे? ती रिक्षावाल्याला घाई कर म्हणाली. त्याने आरशातून पाहिलं आणि बाईंचं घरी काही बरंवाईट झालंय असं समजून गाडी पळवली.

दारात चपलांचा लहान जोड एकच होता. आत पाटावर मूल बसलं होतं, पुढे इडली-चटणीची ताटली. "अम्मा, आज लवकर?" म्हणून हसलं, तर पुढचा दात अर्धा. सिंचना. वनजाच्या जिवात जीव आला, मग तिची नजर खाली घसरली. हनुवटीवर टाक्यांची खूण होती.

ती खाली बसली. तिने हाक मारली, सिंचना. मूल म्हणालं, हं. तिने हाक मारली, स्पंदना. मूल म्हणालं, हं. त्याच आवाजात, त्याच सुरात, जणू एकाच नावाने दोनदा बोलावलं होतं.

"तुझी बहीण कुठेय गं?"

मुलीने तिच्याकडे पाहिलं. विचारात पडली. मग एक हात उचलून तिने आपल्याच छातीवर सपाट ठेवला, डॉक्टरने कुठे दुखतं म्हणून विचारल्यावर ठेवतात तसा. आणि वनजा बघत होती तोवर उजव्या हाताने इडली खोबऱ्याच्या चटणीत बुडवली, तोंडाकडे नेली, आणि डावा हात ताटली हळूहळू दूर लोटत गेला. मूल चवीने खात होतं. डावा हात काय करतोय हे त्याला माहीतच नव्हतं.

वनजाने घर पालथं घातलं. पलंगाखाली पाहिलं, तांदळाच्या पिंपात पाहिलं, गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि आत वाकून नावाने हाका मारल्या. पाण्यातून तिचाच आवाज परत आला. कपाटात गणवेशांचा एकच जोड होता, खुंटीला एकच दप्तर. फोटोत, बारशाच्या फोटोत, तिच्या मांडीवर एक बाळ होतं, आणि तिचा दुसरा हात काहीतरी आवळून धरल्यासारखा वाकडा होता. मांडीवर तिथे नुसती साडी.

चामराज कारखान्यातून धावत आला, सासूबाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं. हातांना चंदनाचा वास, कपाळावर घाम. त्याने तिला बसवलं, अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. त्याला ती सांगत राहिली. बाळंतपणाच्या खाटेवर दोन बाळं नव्हती का? दुसरी उलटी होती म्हणून दाई घाबरली होती ना? अहो, तुम्हीच तर गमतीने म्हणाला होता ना, की... तो ऐकत होता. प्रेमळ माणूस, डोळ्यांत पाणी आलेलं. पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. सीतालक्ष्मम्मा मुलीला कुशीत घेऊन उभ्या होत्या.

"वनजा, एकुलतं एक लेकरू आहे तुला," त्या म्हणाल्या. "त्याला तरी घाबरवू नकोस."

तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं की कदाचित आपलंच काही बिघडलं असेल. एवढी माणसं म्हणतायत. बाई माणूस थकतं, डोक्यावर परिणाम होतो, ऐकलंय आपण. असं वाटून तिला क्षणभर सुटल्यासारखंसुद्धा झालं, आणि त्या सुटकेचीच तिला इतकी भीती वाटली की ती उठून न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडली. सुटका वाटली म्हणजे आपणही तिला सोडायला लागलो, एवढं तिला कळलं होतं.

६

रविवारी सकाळी ती ऑफिसात गेली. किल्ली कुणीही खोचायची नाही, असं नंजुंडस्वामींनी बजावलं होतं. पण किल्ली सांभाळायची कुणी, तर ज्या बाईचा हात थरथरतो तिने, म्हणून ती अजून तिच्याच पर्समध्ये होती. आता तिचा हात थरथरत नव्हता. बदलायचं, जोडायचं, खोडायचं, तिन्ही हत्यारं तिने आपल्या हाताने शानभोगापुढे मोकळी केली. ज्याने जोडलं त्याच्याकडेच तोडून मागायला ती आली होती. दुसरं दार उरलंच नव्हतं.

रविवारची गिऱ्हाइकं होती, खाली चक्की जोरात चालली होती. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं. तिने लिहिलं की एक नवी नोंद करायची आहे. नाव, स्पंदना.

शानभोगाने लिहिलं, ही माहिती सिंचना या नोंदीशी पूर्ण जुळते. नवी नोंद करण्यासाठी वेगळेपणा सांगावा.

तिने लिहिलं, हनुवटीवर टाक्यांची खूण.

सिंचनाच्या नोंदीत आहे, असं उत्तर आलं. खोबरं खात नाही, तेही आहे. अंधाराला भीत नाही, पालीला भिते, आहे. ती लिहीत गेली, बोटं चालतील तेवढ्या वेगाने. झोपेत पाय पोटाशी घेते. रागावली की ओरडत नाही, केसांचं टोक चावते. दुसरीत असताना शाळेच्या गायीला आपला डबा खाऊ घातला आणि घरी कुणाला सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. आहे. आहे. आहे. एवढं सगळं त्याच्याकडे कुठून आलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. जे जे ती लिहायची ते ते आधीच तिकडे असायचं, आणि लिहून झालं की तिच्याकडे उरायचं नाही. गायीचा रंग तिला आठवेना. मग ती गाय शाळेची होती की देवळाजवळची, तेही आठवेना. ती दचकून थांबली. हात टेबलाखाली घेतले.

मग तिने विनवणी केली. लिहूनच केली, कारण त्याला कान नव्हते. बाबा रे, माझं मन राख, नोंद चुकीची ठेव, खोटी ठेव, मी सही करते, पण वेगळी ठेव. ती गरीब आहे, दुसऱ्याच्या आत राहून ती बोलायचीसुद्धा नाही.

पंखा जोरात फिरायला लागला. बराच वेळ पडदा तसाच राहिला. मग ओळी उमटल्या.

"वनजा. जन्मतारीख एक, पती एक, पत्ता एक, नोकरी एक. एकीला मुलगी एक, दुसरीला दोन. दोन नोंदी आढळल्या. एक करावी?"

७

तिने ते पुटपुटत वाचलं, नेहमीसारखं. मग पुन्हा वाचलं. किल्ली समोर होती, ठिपका उन्हात चमकत होता. बोट टेकवलं असतं तर काय झालं असतं हे तिला स्वच्छ दिसत होतं. घर. एक पाट, एक पेला, एक वेणी. काही दुखलं नसतं. तिने खुर्ची मागे सरकवली, हात छातीशी घट्ट धरले, आणि दोन्ही कोपरं अंगाला दाबून उभी राहिली.

दुसरी वनजा कुठे असेल? हा विचार आला तसा तिने फोन काढला आणि घरी लावला. सीतालक्ष्मम्मांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुकरची वाफ सुटत होती.

"अम्मा, मी वनजा."

"कोण?" त्यांना नीट ऐकू यायचं नाही. "वनजा होय? थांबा हं, जेवायला वाढतेय ती. अगं वनजा, फोन आहे तुझा. ऑफिसातून असेल."

पावलं आली. ओल्या हाताने फोन घेतल्यावर होतो तसा खरखर आवाज झाला. "हॅलो," बाई म्हणाली, आणि वनजाने टेबलाची कड धरली. आपला आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येतो हे कुणाला माहीत नसतं, पण ओळखू येतो. सकाळपासून कामं उरकून जरा दमलेला, तरी बरा, सुखी आवाज होता तो. गेल्या आठवड्यापर्यंत तिचा असाच होता.

"तुम्हाला... तुम्हाला मुलं किती?" वनजाने विचारलं.

"एकच मुलगी. का हो? शिरगणतीवाल्या का तुम्ही?" मग त्या आवाजात जरा ओढ आली, जिना चढताना कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटून माणूस थांबतं ना, तशी. "तुम्हाला किती?"

"दोन," वनजा म्हणाली. "जुळ्या."

"अगबाई, छान. नावं काय हो?"

"सिंचना," ती म्हणाली, "आणि..."

तोंड उघडं होतं. जीभ टाळूला लागत होती, सुटत होती. आता येईल, ओठांवर आहे, आता येईल. रोज सकाळी मारत असलेली हाक होती. तिने खोलीभर पाहिलं, भिंतीकडे, खिडकीकडे, शेवटी पडद्याकडे. पडद्यावर तिच्याच नावाखाली प्रश्न होता, दुसरं काही नव्हतं. खाली चक्की चालू होती. तिने डोळे गच्च मिटले आणि हुंदका फुटेपर्यंत शोधलं. अंधारात एक लहान मूल पाठमोरं बसलं होतं आणि केसांचं टोक चावत होतं. हाक मारायला काही नव्हतं, म्हणून ते वळत नव्हतं.

"हॅलो? बाई?" तिकडची वनजा काळजीने म्हणाली. "आणि दुसरी?"